पिझ्झा निघाला बाजारहत्नूरला

हैदराबादहून नागपूरच्या दिशेनं जाणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आपल्यापैकी अनेकांच्या चांगलाच ओळखीचा आहे. सुट्टी लागली की गाडी काढायची, कामारेड्डीला चहा घ्यायचा, निर्मलच्या पुढे घाट आणि सागाचं जंगल बघायचं आणि मग नेरडिगोंडा, इचोडा, गुडीहत्नूर, आदिलाबाद अशा पाट्या मोजत जायचं. पैनगंगेचा पूल ओलांडला की महाराष्ट्र. मुलं तोवर मागच्या सीटवर झोपलेली असतात आणि मोठ्यांना यवतमाळ किंवा नागपूर गाठायची घाई असते. इचोड्याला महामार्ग सोडून आत वळावं, असं सहसा कुणाला वाटत नाही. मी मात्र दरवर्षी वळतो, कारण आत बाजारहत्नूर आहे आणि बाजारहत्नूरला माझी ताई राहते.

बाजारहत्नूर हे आदिलाबाद जिल्ह्यातलं मंडलाचं गाव. आपल्याकडे तालुका असतो तसं तेलंगणात मंडल, फक्त आकारानं लहान. जिल्ह्याचं ठिकाण चाळीसेक किलोमीटरवर. आजूबाजूला काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर आणि त्यापलीकडे डोंगर. कडेम नदीचा उगम याच परिसरातला. हीच नदी पुढे नेरडिगोंड्याजवळ कुंतला धबधब्यावरून सुमारे ४५ मीटर खाली उडी घेते आणि शेवटी गोदावरीला मिळते. पावसाळ्यात कुंतला बघायला हैदराबादहून गाड्यांची रांग लागते. नदी जिथून निघते तिकडे मात्र फारसं कुणी फिरकत नाही.

इथं पाट्या तेलुगूत, पण घराघरांतून मराठी ऐकू येतं. गोंडी आहे, बंजारा आहे, बाजारात दख्खनी उर्दूही आहे. यात नवल काही नाही. हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. माझं गाव किनवट. आज ते नांदेड जिल्ह्यात असलं, तरी १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. राज्यं वेगळी झाली, पण सोयरिकी काही थांबल्या नाहीत. ताईला इकडे दिली तेव्हा आमच्या आजीला ती परराज्यात चालली असं वाटलंच नाही. बाजारहत्नूरनं जागा न सोडता तीन राज्यं बघितली: हैदराबाद, आंध्र प्रदेश आणि २०१४ पासून तेलंगण. ताईच्या सासूबाईंना मी मावशी म्हणतो. त्यांच्या आयुष्यात तर हे तिन्ही फलक बदलले, भाकरी मात्र ज्वारीचीच राहिली.

गेल्या उन्हाळ्यात भाचीचा दहावीचा निकाल लागला तेव्हा मी तिथंच होतो. पोरगी शाळेत पहिली आली. दाजींनी पेढे आणले, ताईनं पुरण घातलं, शेजारच्या बायका येऊन दृष्ट काढून गेल्या. मी म्हटलं, "मामाकडून काय पाहिजे ते माग." मला वाटलं घड्याळ म्हणेल, फार तर मोबाइल. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "मामा, पिझ्झा."

तिनं तो कधी खाल्लेला नव्हता. फोनवर मात्र शेकडो वेळा पाहिला होता. धाकटा भाचा लगेच हातानं दाखवायला लागला, "तो असा लांब लांब ताणतो ना, तो!"

हैदराबादला मी महिन्यातून दोनदा तरी पिझ्झा मागवतो, त्यासाठी खुर्चीवरून उठावंही लागत नाही. इथं ॲप उघडलं तर त्यानं आधी आमची जागा शोधली आणि मग नम्रपणे कळवलं की ते अजून आमच्या भागात पोहोचलेले नाहीत, लवकरच येतील. भाची खांद्यावरून वाचत होती. "लवकरच म्हणजे कधी, मामा?"

मग जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या एका दुकानाला फोन लावला. मालक आधी नाही म्हणाला, मग हो म्हणाला. दोन मोठे पिझ्झे, पोहोचवायचे तीनशे रुपये वेगळे, सगळे पैसे आगाऊ. एकूण अकराशे ऐंशी. मी गावाचं नाव सावकाश सांगितलं, "बाजारहत्नूर. इचोड्याहून आत. गुडीहत्नूर नाही." शिवाय पत्ता लिहून पाठवला आणि नकाशावरची खूणही पाठवली. सहा वाजले होते. साडेसातला येईल, असा शब्द मिळाला.

ताईनं त्या संध्याकाळी स्वयंपाकाला सुट्टी दिली. गल्लीतली चार-पाच पोरं ओट्यावर जमली. साडेसात झाले, पावणेआठ झाले. रस्त्यावर मोटारसायकलचा दिवा दिसला की पोरं उभी राहायची आणि तो दिवा पुढे गेला की बसायची. सव्वाआठला ताई काही न बोलता उठली आणि पीठ मळायला लागली.

साडेआठच्या सुमारास फोन आला. "अन्ना, बस्टँड दग्गर उन्ना." म्हणजे बसस्टँडजवळ उभा आहे. दाजी चपला घालून बाहेर पडले, बघून आले, कुणी नाही. मी विचारलं, "कुठलं बसस्टँड?" तो म्हणाला, "गुडीहत्नूर."

तेलुगूत गुडी म्हणजे देऊळ. देवळाचं हत्नूर महामार्गावर, बाजाराचं हत्नूर आत. दुकानात कुणीतरी चिठ्ठीवर नुसतं हत्नूर लिहिलं होतं आणि महामार्गावरच्या माणसाला हत्नूर म्हटलं की गुडीहत्नूरच कळतं. त्यानं तिथं आमच्या आडनावाचं घर अर्धा तास शोधलं होतं. दुकानाला फोन केला तर परत ये म्हणाले. मग त्यानं स्वतःहून आम्हाला विचारलं, "अन्ना, इथवर आलोय तर येऊ का?"

नऊ वाजून गेल्यावर तो आला. वीस-एकवीस वर्षांचा मुलगा, घामानं भिजलेला, मोटारसायकल स्वतःची. पहिलं खोकं उघडलं. वाटेतल्या खड्ड्यांनी आपलं काम केलं होतं. चीज आणि भाज्या झाकणाला चिकटल्या होत्या आणि खाली नुसती पांढरी पोळी उरली होती. दुसरं खोकं सरळ होतं, पण पिझ्झा गार आणि खालून ओलसर. तिखटाच्या पुड्या, सॉस काहीच नव्हतं. धाकट्यानं एक तुकडा ओढून बघितला, तो ताणला गेला नाही, तुटला. मावशींनी एक घास चावून चावून खाल्ला आणि म्हणाल्या, "रबरावानी लागायलंय की रे हे!"

भाची काही बोलली नाही. आपला तुकडा तिनं शेवटपर्यंत खाल्ला. "चांगलाय, मामा," म्हणाली. ते चांगलाय ऐकून मला जास्त वाईट वाटलं.

मी दुकानाला फोन लावला. आधी म्हणाले, पत्ता चुकीचा दिला. मी पाठवलेला मजकूर वाचून दाखवला. मग म्हणाले, पैसे परत देता येणार नाहीत, पण पुढच्या ऑर्डरला दहा टक्के सूट देऊ, सात दिवसांच्या आत. चाळीस किलोमीटरवरच्या माणसाला सात दिवसांचं कूपन! ताईला हसू आवरेना. मला त्याहून जास्त लागलं ते पोरानं सांगितलेलं. आम्ही दिलेल्या तीनशेपैकी त्याच्या वाट्याला शंभर येणार होते, पेट्रोल त्याचंच, आणि उशीर झाला म्हणून त्यातलेही काही कापले जाणार होते. त्याला पेट्रोलचे पैसे दिले. ताईनं ताट वाढलं. पिठलं, भाकरी, मिरचीचा ठेचा. तो उटनूरकडचा निघाला. घरी गोंडी, माझ्याशी तेलुगू आणि ताईशी चक्क मराठी बोलत तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि दहाला निघाला. घरी पोहोचल्यावर फोन कर, असं मावशींनी त्याला दोनदा बजावलं. त्यानं केला.

रात्री अंगणात खाटा टाकल्यावर भाचीनं खरा प्रश्न काढला. "मामा, आपल्याकडं पार्सल येतं. सिलिंडर येतो. कापूस न्यायला ट्रक येतो. मग पिझ्झा का येत नाही?"

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे हा प्रश्न माझ्याच अंगणातला. तिला जे सांगितलं ते इथंही सांगतो, कारण शहरातल्या आपल्या मुलांनाही ते कुणी सांगत नाही.

पिझ्झा भट्टीतून निघतो तेव्हा चीज वितळलेलं असतं. खोक्यात बंद केलं की गरम वाफ कोंडते. ती थंड होऊन पाणी होते आणि तळाची पोळी ओली होते. खोक्याला बाजूनं बारीक भोकं असतात ती या वाफेसाठी. भोकं मोठी केली तर पिझ्झा लवकर गार होतो, लहान केली तर भिजतो. चीज गार झालं की त्यातली चरबी घट्ट होते, मग ते ताणत नाही, तुटतं. म्हणून हा पदार्थ अर्ध्या तासाचा सोबती. त्या अर्ध्या तासातली दहा-पंधरा मिनिटं करण्यात जातात. उरलेल्या पंधरा मिनिटांत गर्दीच्या रस्त्यानं मोटारसायकल पाच-सहा किलोमीटर जाते. ॲप बनवणारे दुकानाभोवती नकाशावर तेवढीच एक वेडीवाकडी चौकट आखतात. तुमची जागा चौकटीच्या आत असेल तर बटण हिरवं होतं, बाहेर असेल तर नम्र निरोप येतो. पार्सलला घाई नसते. ते चार दिवसांनी आलं तरी साडी साडीच राहते.

दुसरी गोष्ट गिऱ्हाइकांची. एका मुलाला तासाला दोन-तीन ऑर्डरी मिळाल्या तरच त्याचं आणि दुकानाचं जमतं. भारतात घरपोच पिझ्झ्याचं मोठं युग सुरू झालं १९९६ साली. त्या वर्षी डॉमिनोजनं दिल्लीत आणि पिझ्झा हटनं बंगळूरला पहिलं दुकान उघडलं. आमचं ते दुकान यांच्यापैकी नव्हे. मोठ्या शहरांतूनच सुरुवात झाली, कारण तिथं माणसं दाटीनं राहतात. गावाची किंमत कमी म्हणून चौकट बाहेर राहते असं नाही, एवढं तिला सांगावंसं वाटलं. पण ती हुशार आहे. म्हणाली, "म्हणजे माणसं कमी म्हणून. तेच झालं की."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी तिला गोष्ट सांगितली. गरम जेवण घरापासून लांब पोहोचवण्याचा धंदा आपल्या मराठी माणसांनी पिझ्झ्याच्या कितीतरी आधी केला. मुंबईत १८९० साली महादेव हावजी बच्चे यांनी डबे पोहोचवायला सुरुवात केली. नेपल्सच्या मार्गेरिटा पिझ्झ्याची प्रसिद्ध कथा सांगतात ती १८८९ ची, म्हणजे जवळपास त्याच वेळची. डबेवाल्यांनी एक गोष्ट फार लवकर ओळखली. डब्यावर माणसाचं नाव लिहून भागत नाही. एका नावाची दहा माणसं असतात. म्हणून झाकणावर रंग, आकडे आणि खुणा आल्या. कुठल्या स्टेशनात उतरवायचा, कुठल्या इमारतीत न्यायचा, हे सगळं त्या खुणांत.

पत्रांचंही तेच झालं. सारख्या नावांची गावं, निरनिराळ्या लिप्या, अपुरे पत्ते, यातून वाट काढायला १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड आला. तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हेही मराठीच, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. सहा आकड्यांतला पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, शेवटचे तीन थेट टपाल कार्यालय. आदिलाबादकडचे पिन ५०४ नं सुरू होतात. गुडीहत्नूर आणि बाजारहत्नूर यांच्यात गोंधळ होऊ नये, नेमकी याचसाठी ही सोय झाली होती. त्या रात्री चिठ्ठी लिहिणाऱ्यानं ती वापरली असती, तर पोरगं अर्धा तास परक्या गावात भटकलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, भाची आणि मी गाव फिरायला निघालो. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा एक नकाशा आहे. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झाला. तो कुणा एका कंपनीचा नाही, जगभरातली साधी माणसं त्यात आपापल्या गल्ल्या भरतात आणि तो कुणालाही फुकट वापरता येतो. फोनवर तो उघडून आम्ही चालत राहिलो. आधी बसस्टँड, मग मारुतीचं देऊळ, सरकारी शाळा, दवाखाना, बाजाराची मोकळी जागा, पाण्याची टाकी. भाची प्रत्येक ठिकाणी थांबून नाव आधी तेलुगूत टाकायची, मग मराठीत. तिला दोन्ही लिप्या येतात, मला तेलुगू अजून अडखळत वाचावं लागतं. एका गल्लीला नावच नव्हतं. ओट्यावर बसलेल्या आजोबांना विचारलं तर त्यांनी एक नाव सांगितलं, समोरच्या घरातल्या काकूंनी दुसरंच. दोघांचा छान वाद झाला. आम्ही ती गल्ली बिननावाची ठेवली.

एवढ्यानं पिझ्झा येणार नाही, हे तिलाही माहीत आहे. पण गरोदर बाईला न्यायला येणारी गाडी, आग विझवायला येणारा बंब किंवा पुढच्या वेळी येणारा कुणी दमलेला पोरगा, यांच्यापैकी कुणी तरी हा नकाशा उघडेल. महामार्गावर एक हत्नूर आणि आत दुसरं, हे त्याला दिसेल.

आपल्या मंडळातल्या मुलांना एक सुचवावंसं वाटतं. तुमच्यापैकी पुष्कळांचं कुणी ना कुणी अशा चौकटीबाहेरच्या गावात आहे. आजोबांचं घर, मावशीचं शेत, आत्याचं सासर. पुढच्या सुट्टीत जाल तेव्हा तासभर काढा आणि आपलं गाव नकाशात भरा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सोबत घ्या, कारण गल्ल्यांची नावं त्यांनाच माहीत असतात. आणि तिथल्या भावंडांना पिझ्झा खायला घालायचाच असेल, तर शहरातून बेस, चीज आणि सॉस घेऊन जा. जाड तवा चांगला तापवायचा, बेस एका बाजूनं भाजून उलटायचा, वर सगळं पसरायचं, आच मंद करून झाकण ठेवायचं. पाच-सात मिनिटांत चीज वितळतं. त्या रात्रीचा गार पिझ्झाही ताईनं दुसऱ्या दिवशी असाच सुधारला. तव्यावर ठेवला, कडेला पाण्याचे चार थेंब टाकले, झाकण ठेवलं. वाफेनं चीज मऊ झालं आणि तळ कुरकुरीत. धाकट्याचा तुकडा अखेर वीतभर ताणला गेला.

बाजारहत्नूरला जायचं असेल तर पावसाळा संपता संपता जा. रान हिरवं असतं, कपाशी फुलावर असते, ओढे वाहत असतात. दिवाळीच्या दिवसांत गोंड वाड्यांवर दंडारी असते, मोरपिसांचे भलेमोठे टोप घातलेले गुसाडी नाचतात. कुणाच्या ओळखीनं, विचारून जा आणि फोन जरा खिशात ठेवा. इचोड्याला वळताना वाट विचारली तर बाजार हा शब्द ठासून म्हणा.

भाचीला बासरला जायचं आहे. आपल्याला बासर माहीत असतं ते सरस्वतीच्या देवळासाठी, लहान मुलांच्या अक्षराभ्यासासाठी. तिथंच २००८ साली राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ सुरू झालं. खेड्यापाड्यांतली हुशार मुलं दहावीनंतर थेट सहा वर्षांच्या अभ्यासक्रमाला घ्यायची, हा त्यामागचा विचार. दहावीच्या गुणांवर प्रवेश, राहणं तिथंच. जागा मोजक्या आणि अर्ज पुष्कळ, त्यामुळे ताई काळजीत होती. मी निघायच्या आदल्या दिवशी आम्ही अर्ज भरायला बसलो. कॉम्प्युटर शाखाच हवी, असं भाचीनं मला आधीच सांगून ठेवलं होतं. ती चौकट नेमकी कोण आखतं आणि कशी, हे तिला आतून बघायचं आहे म्हणे.

पत्त्याचा रकाना आला. मी टाइप करायला हात पुढे केला तर तिनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला. गाव बाजारहत्नूर, मंडल बाजारहत्नूर, जिल्हा आदिलाबाद, पिनकोड. सगळं लिहून झाल्यावर तिनं ते मोठ्यानं वाचलं, मग दाजींना वाचायला लावलं आणि त्यानंतरच बटण दाबलं.